वस्त्रगाळ

काळाचौकी,
१० जानेवारी

दादा,

प्रिय वगैरे लिहीत नाही, उगाच शाई कशाला घालवू. फोनवर तुला ब्लॉक केलंय आणि ते तसंच राहणार आहे. तुझं पार्सल ज्या लक्झरीने आलं त्याच लक्झरीवरचा क्लीनर जयवंत हे पत्र देवगडला घेऊन येईल. वाच, नाहीतर चूल पेटवायला घे. तुझ्या खानावळीत कागद कधी वाया जात नाही, मला माहीत आहे.

आता पार्सलबद्दल. मेथीचे लाडू मला, हे समजलं. पण मुक्तासाठी मऊ भाताचे तांदूळ, तुपाची बरणी आणि चांदीची वाटी-चमचा? घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! अरे, तुझी भाची तोंडाने खात नाही. एक थेंब नाही. तुला कुणी सांगितलंच नाही, की सांगितलं तेव्हा तू मासे तळत होतास?

तर आता ऐक. तिला गिळता येत नाही. म्हणजे गिळते, पण चुकीच्या वाटेने. दूध पोटात जायच्या ऐवजी फुप्फुसात उतरतं. जन्मल्यापासून दोन न्यूमोनिया झाले ते त्यानेच. म्हणून तिच्या नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातलीय आणि ती गालावर पट्टीने चिकटवलीय. दर तीन तासांनी मी तिला मांडीवर अर्धवट बसवते, नळीला सिरिंज लावते आणि दूध ओतून हात वर धरते. दूध आपल्या वजनाने उतरतं. हात जास्त वर गेला की भसकन जातं आणि ती ओकते. खाली आला की तिथेच थांबतं. तेवढ्यात दारावर कुणीतरी येतंच. 'काय गो, बाळ जेवता?' जेवतंय ना, दिसत नाही का? नाकाने जेवतंय!

हे मी तुला का सांगतेय? कारण तू विचारलं नाहीस. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, ती काचेच्या पेटीत होती तेव्हा, तू सगळ्यांसमोर म्हणालास, "देवाने नेलं तर सुटेल बिचारी." मी तुला तिथून हाकललं ते बरोबर केलं. आजही तेच करीन.

सुशांत बोटीवर आहे, दिवाळीपर्यंत येत नाही. सासूबाई आहेत. नलू मावशी शेजारी आहे, तुला माहीतच आहे, आईची मैत्रीण, अजून तशीच खमकी आहे. आमचं चाललंय. मला कुणाची गरज नाही.

वाटी-चमचा परत पाठवणार होते. सासूबाईंनी कपाटात ठेवून कुलूप घातलं.

मेघना


काळाचौकी,
१८ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही, नाचणी मात्र आली. तुझ्या जिभेला काय झालंय देव जाणे. लहानपणीही तू असाच होतास, रुसलास की बोलायचा नाहीस, गपचूप माझ्या ताटात तळलेली कोलंबी सरकवायचास.

डॉक्टरांना विचारलं. आता नळीतून नाचणीची पातळ पेज चालेल म्हणाले. मी खूश झाले, मूर्खासारखी. तुझं सत्त्व दुधात शिजवलं, गार केलं, सिरिंजमध्ये ओतलं आणि नळी तुंबली. अशी तुंबली की कोमट पाण्यानेही हलेना. साधं पोळीचं पीठ चाळायच्या चाळणीने चाळलं होतंस ना? मला तुझा हात ठाऊक आहे. अख्ख्या देवगडला जेवायला घालतोस आणि एका पोरीचं पीठ नीट गाळता येत नाही?

नळी तुंबली म्हणजे काय होतं ते सांगते, म्हणजे तुला कळेल. ती काढायची. नवीन घ्यायची. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत, तिथून छातीच्या हाडाखाली मापायची, खूण करायची, ओली करायची आणि नाकात सारायची. ती किंचाळते. सासूबाई दुसऱ्या खोलीत जाऊन कानावर हात ठेवतात. मी एका हाताने तिचं डोकं धरते, दुसऱ्या हाताने नळी सारते आणि तोंडाने गाणं म्हणते, बेसूर, कुठलंही. मग आत गेली की थोडं पाणी खेचून बघायचं, पोटातलं येतंय ना. चुकून फुप्फुसात गेली असेल आणि आपण दूध सोडलं तर संपलं. दर वेळी मला वाटतं आत्ता चुकणार. नंतर तिच्या गालावरची पट्टी बदलते तेव्हा कातडी सोलवटलेली असते आणि ती माझ्याकडे बघून हसते. हसते, दादा. माझ्याकडे बघून. मला तेव्हा भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

वस्त्रगाळ कर. आई नाचणी भिजवून, वाटून मलमलच्या कपड्यातून गाळायची तशी. आणि मग ते वाळवून पाठव. वस्त्रगाळ असेल तर सहज जातं, अडत नाही.

दुसरं. सासूबाईंनी नवीन काढलंय. सातवा महिना लागला, उष्टावण करायचं. मी म्हटलं, आई, जिला तोंडाने द्यायचंच नाही तिचं उष्टावण कसलं? तर म्हणतात, "मामाचो घास पोटात पडल्याशिवाय तिचो घसो उघडूचो नाय गो." म्हणजे बघ! सहा महिने मी डॉक्टरांच्या दारात उभी आहे, आणि चाळीचं निदान असं की मी माझ्या भावाशी भांडले म्हणून पोरीच्या गळ्याखाली घास उतरत नाही. खालच्या मजल्यावरची कालची आलेली सूनसुद्धा मला म्हणाली, "वहिनी, एकदा भावाला बोलवून घ्या ना, काय हरकत आहे." मी दार लावून घेतलं.

तू येऊ नकोस. हे मी तुला बोलावण्यासाठी लिहीत नाहीये.

मला ताप आहे, पण ते तुला सांगायचं काही कारण नाही.

मेघना


काळाचौकी,
१ मार्च

दादा,

गेलं. सरसर गेलं.

जयवंतने डबा दिला तेव्हा झाकण उघडून दोन बोटांत चोळून बघितलं. पावडरसारखं! किती वेळा गाळलंस रे? पेज केली, सिरिंज वर धरली आणि पाण्यासारखी उतरली. नळीत कणही राहिला नाही. मुक्ता डुलकी काढत होती, तिला पत्ताही नाही. मी तिथेच, सिरिंज हातात धरून रडले. सासूबाईंना वाटलं काहीतरी झालं.

वजन वाढलंय. डॉक्टर म्हणाले, असंच वाढत राहिलं तर ऑपरेशन करू, पोटावरच एक छोटं बटण बसवता येतं, नळी थेट तिथून. नाकातली जाईल. गालावरची पट्टी जाईल. तिचा अख्खा चेहरा मी अजून निवांत पाहिलेला नाही. फक्त मध्ये एकही न्यूमोनिया होता कामा नये. झाला तर सगळं मागे. एवढंच माझं मागणं आहे आता. बाकी जगाने काय करायचं ते करावं.

पण जग करू देईल तर ना. सुशांतचा बोटीवरून फोन आला. आईने त्याच्या कानात भरलंय. म्हणतो, "मेघना, नुसतं जिभेला लावायचं असतं. आईचं मन राख ना." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय याचं! मी म्हटलं, तुझ्या इंजिनात मी चमचाभर समुद्राचं पाणी घालते, तुझ्या आईचं मन राहील. फोन कट केला. मग वाईट वाटलं, पण परत केला नाही.

येता-जाता प्रत्येकाला तिच्या तोंडात काहीतरी घालायचं असतं. मध, साखरेचं पाणी, गंगा, अंगारा. कुणाला बाळ दिसलं की बोट पुढे येतंच. माणसं प्रेम दुसऱ्या कुठल्या प्रकारे करूच शकत नाहीत का? मी तिच्या पाळण्यावर मोठ्या अक्षरात पाटी लावली, 'तोंडात काहीही घालू नये'. तर नलू मावशी म्हणाली, "बागेतल्या फुलझाडांना लावतात तशी वाटते गो."

सत्त्व अजून पाठव. असंच, वस्त्रगाळ.

बरं केलंस. एवढंच लिहिते.

मेघना


परळ, हॉस्पिटल,
९ मार्च

तूच? सगळ्या जगात तूच?

पत्राला नाव घालत नाही, वाचताना कळेल कुणाला आहे ते.

मी औषधं आणि नवीन नळ्या आणायला गेले होते. मुक्ताला पाजून, सरळ धरून, ढेकर काढून, सगळं करून गेले होते. परत आले तर जिन्यावर चपलांचा ढीग. आमच्या दारात रांगोळी. खोलीत पाट, पाटाभोवती महिरप, निरांजन, आणि पाट रिकामा. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, तुझ्या चांदीच्या वाटीकडे बघत. वाटीत खीर. खालच्या मजल्यावरच्या सुनेने मला सांगितलं, "मामा घेऊन पळाले हॉस्पिटलला." मला आधी कळेचना कुठला मामा.

मी टॅक्सीत काय केलं ते मला आठवत नाही. कॅज्युअल्टीच्या बाहेर तू उभा होतास. शर्टावर खीर. मी तुला मारलं. सगळ्यांनी बघितलं, बघू देत. तू हात वर केला नाहीस, नुसतं म्हणत राहिलास, "मेघे, पाण्यासारखी पातळ होती गं. वस्त्रगाळ. तू लिहिलंस तशीच केली. दोनदा गाळली."

वस्त्रगाळ नळीसाठी, दादा! नळीसाठी! गळ्याला पातळ हेच विष. घट्ट असेल ते तरी जिभेवर थांबतं, पातळ सरळ श्वासात जातं. हे मी तुला लिहिलं नव्हतं कारण तू तिला तोंडाने भरवशील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. पहिल्याच पत्रात लिहिलं होतं ना, एक थेंब नाही? मराठीच लिहिलं होतं ना मी?

सासूबाईंनी फोन केला म्हणे. मुहूर्त सांगितला, मी घरी नसते ती वेळ सांगितली. आणि तू आलास. गाडीत बसून रात्रभर, पिशवीत नाचणी, नारळाचं दूध, गूळ. तू काय विचार केलास? की मामाचा घास पडेल, पोरगी गिळायला लागेल, मेघना दारातून आत येईल आणि सगळं मिटेल? तू सहा महिने तिला बघायला आला नाहीस. आणि आलास तो चमचा घेऊन!

ती आत आहे. ऑक्सिजन लावलाय. छाती अशी आत जाते की बरगड्या मोजता येतील. डॉक्टर म्हणतात, उजवीकडे खूप उतरलंय. ऑपरेशनचं नाव आता कुणी काढत नाही. ती वाचेल का असं मी विचारलं तर म्हणाले, बघूया. या शब्दाचा मला इतका राग येतो. काय बघूया? तुम्ही बघा, मी किती बघू?

तुला मी 'निघ इथून' म्हटलं आणि तू निघालास. तेही तुला बरं जमतं.

हे पत्र जयवंतकडे देणार नाही, पोस्टाने टाकते. त्याने विचारलं पोरगी कशी आहे तर मला सांगवणार नाही.


परळ, हॉस्पिटल,
२८ मार्च

दादा,

मुक्ता वाचली. पहिल्या ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

ऑक्सिजन काल काढला. आवाज घोगरा झालाय, पण रडते चांगली, अख्खा वॉर्ड उठवते. वजन सगळं गेलं. जे चढवलं होतं ते सगळं. पुन्हा पहिल्यापासून. ऑपरेशन पुढे, किती पुढे ते कुणी सांगत नाही. मी कुणावर ओरडू तेही मला आता कळत नाही, म्हणून जो समोर येतो त्याच्यावर ओरडते. काल डब्यात डाळ खारट आली म्हणून कँटीनवाल्यावर ओरडले. तो म्हणाला, "ताई, बसा, पाणी प्या." मग मी बसले आणि पाणी प्याले.

आता मुद्द्याचं. घरी सोडायला तयार आहेत, पण एकटीच्या भरवशावर नाही. इथे कांता सिस्टर आहे, आमच्या वॉर्डाची, तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. म्हणाली, "नळी घालता येणारी, भरवता येणारी दोन माणसं तयार झाल्याशिवाय मी पोरीला दाराबाहेर जाऊ देणार नाही. तू आजारी पडलीस तर? आण दुसरं कुणीतरी, मी शिकवते."

दुसरं कोण आणू?

सुशांत समुद्रावर. सासूबाई इथे रोज येतात, मुक्ताच्या पायाला हात लावून रडतात, खरं रडतात. पण परवा घरी निघताना माझ्या कानात म्हणाल्या, "तिना दोन थेंब गिळल्यान हां, माझ्या डोळ्यान बघलंय. तिसऱ्याक ठसको लागलो." म्हणजे त्यांच्या हिशेबाने दोन घास उतरले, मामाचा गुण आला, फक्त तिसरा नको होता! या बाईच्या हातात मी सिरिंज देऊ? मी नुसती पाठ फिरवली. नलू मावशीला विचारलं. ती म्हणाली, "डोळ्यांना बारीक दिसत नाही गं आता, हात कापतो." वर म्हणते, "मधाचं बोट चाललं असतं का गो, खीर जरा जडच." मी हसले. हसू आलं मला, खरंच. याच माणसांत राहायचंय मला आणि ही माणसं वाईट नाहीत, हेच तर डोकं फिरवतं.

पण मावशीने आणखी एक सांगितलं. टॅक्सीत ती तुझ्या बाजूला होती ना. म्हणाली, मुक्ता निळी पडली तेव्हा तू तिला मांडीवर पालथी धरून पाठीवर थापटत होतास, आणि लालबागपासून परळपर्यंत अख्ख्या रस्त्याने देवाला शिव्या घालत होतास. आईवरून. टॅक्सीवाला घाबरला. म्हणत होतास, "हात लावून बघ तिला. नेऊन तर दाखव."

मी मावशीला पुन्हा सांगायला लावलं.

त्या दिवशी पॅसेजमध्ये 'देवाने नेलं तर' म्हणणारा आणि हा एकच माणूस. मला दोघांची सांगड घालता येत नाही आणि घालायला वेळही नाही. माफ केलेलं नाही, हे लक्षात ठेव. माफीची पत्रं लिहू नकोस, येऊन पायाबिया धरू नकोस. जयवंत सांगत होता, तू खानावळ उघडलेली नाहीस, हाताने चूलच पेटत नाही म्हणतोस. हे नाटक बंद कर. लोकांना जेवायला घाल. पंधरा-वीस दिवसांसाठी कुणाकडे तरी सोपवून ये मात्र.

कारण मी कांता सिस्टरला दुसरं नाव तुझं दिलंय.

ती म्हणाली, "ज्याने हे केलं तोच?" मी म्हटलं, तोच. सिस्टर, या पोरीला बघितलं की आमच्या घरातल्या, चाळीतल्या, गावातल्या प्रत्येक माणसाचं बोट पुढे येतं. आज ना उद्या पुन्हा येणार. लाडाने येणार, देवाच्या नावाने येणार, मी किती हात धरू? एकच माणूस असा आहे ज्याने तिला आपल्या हातात निळी पडताना पाहिलंय. तो तिच्या तोंडात काही घालणार नाही. झोपेत नाही, कुणी शपथ घातली तरी नाही. माझ्याहूनसुद्धा त्याचा भरवसा जास्त.

सिस्टरने वहीत तुझं नाव लिहून घेतलं.

तर ये. ती किंचाळेल, तरी नळी तूच घालायची, मी बाजूला उभी राहीन आणि बेसूर गाईन. सिरिंज किती वर धरायची ते हाताला दोन दिवसांत कळतं. तुझ्या हाताला तर लवकर कळेल, कढीचं पातेलं उतू जायच्या आधी तुला कळतं. सासूबाईंना मामाचा घास पोटात पडायला हवाय ना? पोटातच पडेल. रोज पडेल. त्यांना दारात खुर्ची टाकून बसवू, बघू देत.

चांदीची वाटी मी घासून ठेवलीय. नळी ओली करायला पाणी लागतं, त्याला बरी आहे.

मंगळवारच्या गाडीने निघ. सत्त्व आण, वस्त्रगाळ. फोन अजून ब्लॉकच आहे, त्यामुळे उतरलास की सरळ वॉर्डात ये. आणि नखं कापून ये, तिचे गाल फार नाजूक झालेत.

मेघी